मुलं आपण वाढवायची, अभ्यास मात्र दुसऱ्यांनी करायचा?

मैत्रिणींनो, ‘संशोधन’ हा शब्द कानावर पडला की डोळ्यांपुढे काय येतं? पांढरे कोट, काचेच्या नळ्या, नाहीतर चष्मा कपाळावर चढवून जाडजूड ग्रंथ चाळणारे प्राध्यापक! आपला त्याच्याशी काय संबंध? आपलं संशोधन म्हणजे शाळेची रिक्षा दारात उभी असताना धाकट्याचा दुसरा मोजा शोधणं.

पण जरा थांबा. शेजारच्या घरात दहा महिन्यांचं बाळ असेल, तर त्याच्या आईला विचारून पाहा. परवापरवापर्यंत ते ताटातलं भाताचं शीत उचलायला सगळा पंजा फिरवायचं; आता अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत अलगद धरतं. ही चिमूट त्याला कधी जमली, ते ती वारासकट सांगेल. बालवाडीच्या बाईंना विचारा. ‘माणूस काढ’ म्हटलं की तीन-साडेतीन वर्षांचं मूल एक गोल काढतं आणि त्या गोलालाच खाली दोन पाय जोडतं. पोट मागाहून येतं, हात बहुधा त्याच्याही मागाहून, आणि बोटं तर कितीतरी उशिरा. बाईंनी हे पुस्तकात वाचलेलं नसतं, पाट्यांवर पाहिलेलं असतं.

आपण याला कौतुक म्हणतो. विद्यापीठात याला निरीक्षण म्हणतात. माणूस आईच्या पोटात असल्यापासून म्हातारपणापर्यंत शरीराने, बुद्धीने, बोलण्याने आणि नात्यागोत्यांनी कसा वाढत जातो, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला ‘मानवी विकास’ असं नाव आहे. गृहविज्ञानाच्या कॉलेजांतून पूर्वी तिला ‘बालविकास’ म्हणत. तिची सख्खी बहीण म्हणजे शिक्षणशास्त्र. मूल शिकतं कसं, अडतं कुठे, शाळा का सोडतं, हे ती पाहते. या दोन्ही शाखांत काम करणारे छोटे छोटे गट विद्यापीठांत असतात. अशा गटात आपल्यासारखीला जागा आहे का, आणि असली तर कोणत्या दाराने आत जायचं, हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे. मी स्वतः बी.ए. झालेली, घर सांभाळून नाशिकच्या एका बालवाडीत अर्धवेळ शिकवणारी बाई आहे. तेव्हा हे वरून केलेलं मार्गदर्शन समजू नका. मीही त्याच दाराशी उभी आहे.

कवळाण्याच्या मुलाचं विद्यापीठ

आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगावकडे कवळाणे नावाचं गाव आहे. तिथे १८६३ साली जन्मलेला गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक गेला. तेव्हा त्याला धड अक्षरओळखही नव्हती. तेच पुढे महाराज सयाजीराव गायकवाड झाले आणि १९०६ साली त्यांनी आपल्या साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांच्या नावाचं विद्यापीठ १९४९ मध्ये बडोद्याला सुरू झालं. पहिल्या कुलगुरू एक बाई होत्या, हंसाबेन मेहता. लागलीच, १९५० मध्ये, तिथे गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली, आणि बालविकासाचा विभाग तिच्यातलाच.

या विभागात प्रमिला फाटक यांनी केलेलं काम आपण प्रत्येकीने ठाऊक करून घ्यावं असं आहे. बाळ वेळेवर वाढतंय की मागे पडतंय, हे ठरवायला त्या काळी जी मापं होती, ती परदेशी बाळांवरून बसवलेली. कॅलिफोर्नियातल्या नॅन्सी बेली या बाईंनी तिथली बाळं महिनोन्‌महिने पाहून तयार केलेल्या कसोट्या नावाजलेल्या होत्या. पण तिथलं बाळ वेगळं झोपतं, वेगळं जेवतं, वेगळ्या वस्तू हाताळतं. आपलं बाळ कडेवर असतं, आजीच्या पायांवर पालथं पडून न्हातं, वाटी-चमच्याशी खेळतं. उसन्या मापावर शिवलेला फ्रॉक जसा खांद्यात घट्ट आणि कमरेत ढगळ होतो, तसंच हे.

तेव्हा फाटकबाईंनी बडोद्याची बाळं घेतली आणि पहिल्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत आपल्याकडची मुलं काय केव्हा करतात, याची मापं बसवली. त्या कामाचा अहवाल १९७० साली आला आणि १९९७ मध्ये मापं पुन्हा सुधारली गेली. हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ कसोट्या त्यात आहेत. आजही बाळाच्या वाढीबद्दल शंका आली आणि डॉक्टरांनी विकास तपासणीला पाठवलं, की तिथल्या बाई बाळासमोर घंटा वाजवतात, ठोकळे ठेवतात, कप उलटा करून त्याखाली खेळणं लपवतात. त्यामागे पुष्कळदा हे बडोद्याचं माप असतं. ‘माणूस काढ’ या चित्रावरून मुलाची समज अजमावण्याची रीत अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये मांडली होती. तिलाही भारतीय मुलांचं माप फाटकबाईंनीच दिलं.

हे काम एकट्याने होण्यासारखं आहे का, तुम्हीच सांगा. कुणीतरी बाळं मिळवली असतील, आयांची समजूत घातली असेल, ‘आत्ता झोपलाय, तासाने या’ हे ऐकून उन्हातून परत फिरलं असेल, तासाने पुन्हा दार वाजवलं असेल. संशोधन गट म्हणतात तो हाच.

आधी चालून गेलेल्या

‘हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे’ असं वाटत असेल, तर आणखी दोन नावं सांगते.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. तेच आजचं एस.एन.डी.टी. शिकवायचं मातृभाषेतून, आणि पदवीचं नाव किती सुंदर: ‘गृहीतागमा’. ती पदवी घेतलेल्या कमलाबाई देशपांडे या न. चिं. केळकरांच्या कन्या. लहान वयात वैधव्य आलं, तरी त्या शिकत राहिल्या आणि थेट युरोपात प्रागला जाऊन डॉक्टरेट घेऊन आल्या. विषय कोणता निवडला? मूल! प्राचीन भारतातलं मूल या विषयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३६ साली प्रसिद्ध झालं.

दुसऱ्या ताराबाई मोडक. १९१४ च्या बी.ए. त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती. आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर आणि मग १९४५ पासून बोर्डीला, १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम केलं. महागड्या विलायती साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं, दगड वापरून मूल शिकतं का, हे त्यांनी आणि अनुताई वाघांनी वर्षानुवर्षं पाहिलं. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग आपणच वस्तीतल्या अंगणात जाऊन बसायचं, ही ‘अंगणवाडी’ त्यांचीच. सरकारने १९७५ मध्ये देशभर बालविकासाची योजना आणली, तेव्हा हाच शब्द घराघरांत पोचला. प्रयोग करून पाहणं, फसलं ते बदलणं आणि लिहून ठेवणं, याला दुसरं काय म्हणायचं?

‘आंडेर’ म्हणणारा मुलगा

आता जवळची गोष्ट. आमच्या बालवाडीत सातपूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं पुष्कळ. त्यांतली बरीच घरं सटाणा, कळवण, मालेगावकडून आलेली, म्हणजे घरात अहिराणी. तीन वर्षांपूर्वी एका संशोधन गटाची मुलं-मुली आमच्याकडे आली. कुठला गट ते सांगत नाही, कारण माणसं चांगली होती. चार वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवून ‘हे काय?’, ‘ही कोण?’ असं विचारायचं आणि शब्दसंपत्ती मोजायची, असं त्यांचं काम होतं. नोंदी ठेवायला मी आणि माझी सहकारी शिक्षिका मदतीला होतो. तीन महिने, रोज तासभर.

एका मुलाला मुलीचं चित्र दाखवलं. तो म्हणाला, “आंडेर.” विचारणारी मुलगी मुंबईची. तिने खुणेच्या रकान्यात फुली मारली. पुढची पाच-सहा चित्रंही अशीच गेली आणि शेवटी शेरा पडला, ‘बोलण्यात मागे’. हा मुलगा सुट्टीत घसरगुंडीवर उभा राहून साऱ्यांना दटावत होता, लांबच लांब वाक्यं बोलत होता, फक्त अहिराणीत. मी त्या मुलीला म्हटलं, “अगं, आंडेर म्हणजे मुलगीच. तो बरोबर सांगतोय.” ती बिचारी ओशाळली. तिने फुली खोडली, आणि मग साऱ्या अहिराणी मुलांचे कागद आम्ही दोघींनी तिच्याबरोबर पुन्हा तपासले.

सांगायचं ते हे. फाटकबाईंना परदेशी माप आपल्या बाळांना चालेना. इथे पुण्या-मुंबईचं माप सातपूरच्या मुलाला चालेना. माप कितीही चांगलं असो, ते हातात धरणारीला समोरचं मूल कळत नसेल, तर चांगलं बोलणारं पोर कागदावर मुकं ठरतं. आणि अशा कागदांवरूनच उद्या ठरतं की कुठल्या मुलांना ‘मंद’ म्हणायचं आणि कुणाला पुढच्या बाकावर बसवायचं. म्हणून सतरंजीवर मुलांबरोबर बसणारी बाई त्या गटात हवी. तिच्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे, काम खरं व्हावं म्हणून.

वर्षाने अहवाल आला. अहिराणी मुलांबद्दलचा परिच्छेद त्यात होता, आम्ही सांगितलं तसाच. आमच्याबद्दल एकच ओळ होती: ‘स्थानिक शिक्षिकांचे सहकार्य लाभले.’ नाव नाही, आणि मानधन तर ठरलंच नव्हतं. माझी सहकारी म्हणाली, “चालायचंच, बाई.” मला मात्र ते चालेना. त्याच वर्षी मी एम.ए.ची चौकशी सुरू केली.

शिडीच्या पायऱ्या

पीएच.डी. करायची असेल, तर नियम नीट समजून घ्या. निम्म्या बायका ऐकीव माहितीवरच माघार घेतात.

पहिली पायरी एम.ए. किंवा एम.एड.ची. नुसत्या जुन्या तीन वर्षांच्या बी.ए.वर पीएच.डी.ला प्रवेश नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात; राखीव गटांना, आर्थिकदृष्ट्या दुर्बलांना आणि दिव्यांगांना पाच टक्क्यांची सवलत आहे. आपल्या मुलींच्या वेळी चार वर्षांची पदवी असेल. तीत ७५ टक्के मिळाले तर त्यांना थेट अर्ज करता येईल.

एम.ए.साठी रोज कॉलेज गाठायलाच हवं असं नाही. आपल्या नाशिकला १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ज्याचं ब्रीद. दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही अभ्यासक्रम घरी राहून करता येतात. मात्र फॉर्म भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहा आणि त्या अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे ना, याची खात्री करा. ज्यांचं बारावीच राहून गेलं, त्यांच्यासाठीही मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारीची वाट ठेवली होती. तिची आजची स्थिती तिथेच विचारा.

दुसरी पायरी प्रवेशपरीक्षेची. ‘नेट’ ही परीक्षा बहुधा वर्षातून दोनदा होते. शिक्षणशास्त्र, गृहविज्ञान, मानसशास्त्र हे विषय तीत आहेत. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, तेव्हा इंग्रजी शब्दांची भीती आधीच मोडून काढा. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशालाही धरतात. ज्यांना शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यांच्यासाठी परीक्षेच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एक वर्ष चालतात. काही विद्यापीठं आपली वेगळी प्रवेशपरीक्षाही घेतात.

आता वयाची गोष्ट. पीएच.डी.ला वयाची अट नाही. शिष्यवृत्तीला आहे. नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. तिची वयोमर्यादा तीस वर्षांची आहे आणि बायकांना पाच वर्षांची सवलत, म्हणजे पस्तीस. मी छत्तीस पूर्ण करते आहे, तेव्हा ते दार माझ्यापुरतं मिटलं. पण तुमच्यापैकी जी अठ्ठावीस-तीसची आहे, तिने हे वाक्य पुन्हा वाचावं आणि ‘मुलं जरा मोठी झाली की बघू’ म्हणताना बोटांवर वर्षं मोजावीत.

तिसरी पायरी मार्गदर्शक मिळण्याची. एका प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. ‘जागा नाही’ असं उत्तर आलं, तर तो तुमचा अपमान समजू नका, खरोखरच नसते. पुणे विद्यापीठाची संशोधन केंद्रं बाहेरगावच्या मान्यताप्राप्त महाविद्यालयांतही असतात. आपल्या शहरात कोणत्या विषयाचं केंद्र आहे आणि तिथे मार्गदर्शक कोण, ही यादी मागून घ्या. जाताना हात हलवत जाऊ नका. ‘मला काहीतरी करायचंय’ म्हणणाऱ्या पुष्कळ येतात. ‘घरी अहिराणी बोलणारी मुलं पहिलीत वाचायला कशी शिकतात, हे मला पाहायचंय, आणि अशी तीस मुलं रोज माझ्यासमोर बसतात,’ असं म्हणणारी क्वचित येते.

संसारी बाईसाठी चार सवलती

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, तुमच्या शाळेचं ना-हरकत पत्र लागतं. मात्र ती पोस्टाने किंवा ऑनलाइन होत नाही, आणि सुरुवातीचा अभ्यासक्रम हजर राहून पुरा करावा लागतो.

मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. त्यावर दोन वर्षं वाढवून मिळू शकतात आणि बायकांना आणखी दोन. एकूण दहाच्या वर मात्र नाही.

बाळंतपणासाठी किंवा मुलाच्या संगोपनासाठी या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

आणि नवऱ्याची बदली झाली तर? लग्नामुळे किंवा अन्य कारणाने बाईला गाव सोडावं लागलं, तर जमवलेलं काम दुसऱ्या संस्थेत नेण्याची सोय नियमांतच आहे. त्याला अटी आहेत, पण सोय आहे. बदलीचा कागद आला म्हणून वह्या माळ्यावर टाकू नका.

पदवी नको, काम हवं असेल तर

प्रत्येकीने डॉक्टर व्हायलाच हवं असं थोडंच आहे? गटात तऱ्हतऱ्हेची माणसं लागतात. घरोघर जाऊन माहिती घेणारी, मुलांबरोबर बसून कसोट्या घेणारी, मुलाखती ऐकून उतरवून काढणारी, आकडे भरणारी. प्रकल्पापुरती नेमणूक होते, त्याची जाहिरात येते आणि पुष्कळदा पदवी एवढीच अट असते. स्थानिक बोली येणं ही मोठी जमेची बाजू.

कामाची पद्धत कशी असते, हे पाहायचं तर ‘असर’ची पाहणी आठवा. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ग्रामीण भागात ती करते. एका जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावातली २० घरं, म्हणजे ६०० दारं वाजवायची. मुलासमोर एक कागद ठेवायचा: अक्षरं, शब्द, चार सोप्या ओळी, आणि दुसरीच्या तोडीची छोटी गोष्ट. मूल कुठवर वाचतं, तेवढंच लिहायचं. ‘हुशार दिसतो’ असं लिहायचं नाही. दोन-तीन दिवसांच्या शिकवणीवर स्थानिक स्वयंसेवक हे काम करतात, आणि त्यातून साऱ्या देशाला कळतं की पाचवीतली किती मुलं दुसरीचं वाचू शकत नाहीत.

या कामात एक शिस्त असते, ती मला फार आवडली. दोघींनी एकाच मुलाकडे एकाच वेळी पाहायचं, वेगवेगळं लिहायचं, आणि मग पडताळायचं. जुळलं तर नोंद खरी. नाही जुळलं, तर प्रश्न पुन्हा घडवायचा. सासू-सुनांनी एकाच पोराबद्दल अशा दोन वह्या ठेवल्या तर काय बहार येईल!

‘हो’ म्हणण्यापूर्वी

कुठल्याही गटाला होकार देण्याआधी एवढं विचारून घ्या, आणि उत्तर कागदावर मागा. आपण मदत केली की ‘काही नको हो, मुलांसाठीच ना’ असं म्हणायची आपल्याला सवय. ती इथे नको.

काम किती दिवस, रोज किती तास? मानधन किती आणि केव्हा? रिक्षा-बसचा खर्च कुणाचा? अहवालात नाव येणार का, आणि कोणत्या कामासाठी? अहवाल मराठीत मिळेल का? मुलांच्या आईवडिलांची संमती कोण घेणार, आणि त्यांच्या भाषेत समजावून घेणार का? मुलांची खरी नावं, फोटो कुठे जाणार? मूल कंटाळलं, रडलं, तर थांबवायची मुभा मला आहे का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर चहा देऊन निरोप द्या.

घरचं गणित

आता खरी अडचण. नियम पाठ झाले तरी कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार?

माझ्या घरी हा विषय निघाला तेव्हा ‘अहों’नी साधा प्रश्न केला, “पुढे काय? एवढं करून पगार वाढणार का?” राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता. डॉक्टरेट झाली की कॉलेजात नोकरी वाट पाहत असते, असं नाही. शिष्यवृत्ती नसेल तर फी, पुस्तकं, प्रवास, छपाई हे सगळं घरखर्चातून जातं. आम्ही कागद घेऊन बसलो. दोन वर्षं एम.ए., मग मिळाली तर पीएच.डी., अर्धवेळ, पाच-सहा वर्षं. म्हणजे मी चव्वेचाळीशीला पोचेन. तेव्हा थोरली कॉलेज संपवत असेल. मी म्हटलं, “चव्वेचाळीस वर्षांची तर मी काहीही केलं नाही तरी होणारच आहे.” ते हसले. होकार मात्र सासूबाईंकडून आला. त्या म्हणाल्या, “संध्याकाळचा स्वयंपाक मी बघते. पण परीक्षेच्या महिन्यात पापड-कुरडया काढू नकोस म्हणजे झालं.”

प्रत्येक घरात अशी आई नसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून एवढंच सुचवते: आधी आठवड्याचे तास मागा, वर्षं नंतर. मंगळवार-गुरुवार दोन-दोन तास, दार लावून. ते घरच्यांच्या अंगवळणी पडले की तिसरा वार मागा. पैशाचं आधीच स्पष्ट बोला. आणि ‘सगळं सांभाळून करीन’ असं वचन देऊ नका. सगळं सांभाळलं जात नाही, काहीतरी सुटतं. काय सोडायचं ते आपण ठरवावं, म्हणजे नेमका अभ्यासच सुटत नाही.

मीही अजून पहिल्याच वर्षाला आहे. पुढची परीक्षा निघेल का, मार्गदर्शक मिळतील का, ठाऊक नाही. पण पुन्हा कुणी चित्रं घेऊन आमच्या बालवाडीत आलं, तर प्रश्न कसे विचारायचे हे ठरवताना मी टेबलाच्या त्या बाजूला असावं, एवढं मला नक्की हवं आहे.

एक शंभर पानी वही

तुम्हाला आज फॉर्म भरायचा नसेल, तर भरू नका. एक वही मात्र घ्या. घरातलं, शेजारचं किंवा वर्गातलं एकच मूल निवडा. घरचं नसेल, तर त्याच्या आईला आधी विचारा. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं त्याच्याकडे नुसतं बघा आणि लिहा.

वर तारीख. मग मुलाचं वय, वर्षं आणि महिन्यांत. त्याने काय केलं ते. काय बोललं, ते त्याच्याच शब्दांत. ‘आंडेर’ म्हणालं तर ‘आंडेर’च लिहा, ‘मुलगी’ नको. ‘हट्टीपणा केला’ असं लिहू नका. ‘डबा उघडून दिला नाही म्हणून तीन वेळा जमिनीवर पाय आपटला, मग स्वतः उघडला’ असं लिहा. तुम्हाला काय वाटलं ते पानाच्या समोरच्या बाजूला, वेगळं. मुलाचं पूर्ण नाव कुठेच नको. एखादं अक्षर पुरे.

सहा महिन्यांनी वही पहिल्यापासून वाचा. जे रोज डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं, ते दिसायला लागेल, आणि एखादा प्रश्न आपोआप तयार झालेला असेल. विद्यापीठाच्या दारात उभं राहायची वेळ आलीच, तर तीच वही पिशवीत टाका. आणि तिच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव, पूर्ण, ठळक अक्षरांत लिहायला विसरू नका.